किशोरवयाची वाढ : शाळेतील फूटपट्टीपासून संप्रेरक चिकित्सालयापर्यंत

बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुक हे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या बागायती पट्ट्यातील गाव. परिसरात उसाचे क्षेत्र मोठे आणि सोमेश्वर सहकारी साखर कारखानाही जवळच. या पट्ट्यातील शेतकऱ्याला उसाची लागण कोणत्या महिन्यात झाली, खोडवा कितवा, पाण्याची पाळी केव्हा आली, कांडी किती सुटली, याचा हिशेब तोंडपाठ असतो. ऊस वाढीला लागला नाही तर तो दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन कारण शोधतो. मात्र त्याच घरातील तेरा वर्षांच्या मुलाची उंची मागील वर्षभरात किती वाढली, असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही. मुलगा ठेंगणा राहिला तर 'आजोबांवर गेला', मुलगी लवकर थोराड दिसू लागली तर 'अंगाने भरली' आणि सोळाव्या वर्षीही पाळी आली नाही तर 'येईल, घाई काय', असे म्हणून विषय संपविला जातो.

पुष्कळदा हे बोल खरेही ठरतात. परंतु काही मुलांच्या बाबतीत ते खरे नसतात, आणि तेथे गेलेली दोन-चार वर्षे परत मिळत नाहीत. हाडांची टोके एकदा सांधली की उंची वाढविणारे औषध उरत नाही. काही विकारांत अपत्यप्राप्तीची क्षमता वाचविण्याची वेळही निघून जाते. म्हणूनच किशोरवयातील वाढ, वयात येणे आणि संप्रेरकांचे आरोग्य या विषयाची प्राथमिक माहिती शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांना असणे अगत्याचे आहे.

ग्रंथींचा कारभार

शरीरातील काही ग्रंथी आपला स्राव नलिकेवाटे बाहेर न सोडता थेट रक्तात सोडतात. त्यांना अंतःस्रावी ग्रंथी आणि त्यांच्या स्रावांना संप्रेरके, म्हणजेच हार्मोन्स, असे म्हणतात. ही संज्ञा इंग्रज शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी १९०५ साली प्रथम वापरली. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी या सर्व कारभाराची देखरेख करते आणि तिच्यावर मेंदूतील अधश्चेतक या भागाचे नियंत्रण असते. गळ्यातील थायरॉइड, मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी, मुलींतील बीजकोश आणि मुलांतील वृषण ही या व्यवस्थेतील प्रमुख ठाणी होत.

वयात येण्याची सुरुवात अधश्चेतकापासून होते. बालपणी शांत असलेला हा भाग ठरावीक वयात एका संप्रेरकाचे लहान लहान हप्ते पीयूषिकेकडे पाठवू लागतो. हे हप्ते आरंभी रात्रीच्या झोपेत आणि पुढे दिवसाही येतात. त्यामुळे पीयूषिका जागी होते, तिच्या आज्ञेने बीजकोश अथवा वृषण कार्यरत होतात आणि शरीरात बदल दिसू लागतात. या मूळ संप्रेरकाची रचना १९७१ साली शॅली आणि गिय्यमॅं यांच्या प्रयोगशाळांत उलगडली व या दोघांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या शोधातील एक विशेष गोष्ट कालव्याकाठच्या शेतकऱ्याला सहज उमगेल. पाणी पाळीपाळीने दिले तर पीक वाढते. तेच पाणी शेतात सतत साचून राहिले तर जमीन चिबड होते आणि मुळे निकामी होतात. या संप्रेरकाचेही तसेच आहे. ते हप्त्याहप्त्याने आले तर पीयूषिका उत्तेजित होते, सतत मिळत राहिले तर ती मंदावते. याच तत्त्वावर, अकाली वयात येऊ लागलेल्या बालकांना त्या संप्रेरकासारखे औषध इंजेक्शनाने देऊन वयात येण्याची प्रक्रिया काही काळ थोपविता येते. औषध बंद केल्यावर ती पुन्हा सुरू होते.

केव्हा थांबावे, केव्हा चौकशी करावी

मुलींमध्ये वयात येण्याचे पहिले चिन्ह म्हणजे स्तनांची वाढ. ती साधारणतः वयाच्या ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान सुरू होते आणि त्यानंतर सुमारे दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. मुलांमध्ये पहिले चिन्ह म्हणजे वृषणांचा आकार वाढणे. ते ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान दिसते. मिसरूड फुटणे, आवाज फुटणे या गोष्टी त्यानंतरच्या होत. उंचीची झपाट्याने होणारी वाढ मुलींत आधी आणि मुलांत सुमारे दोन वर्षांनी नंतर येते. सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा उंच दिसतात, त्याचे कारण हेच. मुलीची पहिली पाळी आल्यानंतर तिची उंची सामान्यतः आणखी पाच ते सात सेंटिमीटरच वाढते.

यावरून काही सोप्या खुणा ठरविता येतात. मुलीत आठ वर्षांपूर्वी आणि मुलात नऊ वर्षांपूर्वी वयात येण्याची चिन्हे दिसली तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. मुलींच्या बाबतीत अशा वेळी पुष्कळदा गंभीर कारण आढळत नाही. मुलग्यांच्या बाबतीत मात्र मेंदूतील गाठीसारखे कारण असण्याची शक्यता अधिक असल्याने दिरंगाई मुळीच करू नये. उलट, तेरा वर्षे पूर्ण होऊनही मुलीच्या स्तनांची वाढ सुरू झाली नाही, पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नाही, अथवा चौदा वर्षे पूर्ण होऊनही मुलात कोणताच बदल दिसला नाही, तर तपासणी आवश्यक ठरते. २०२० च्या टाळेबंदीनंतर अकाली वयात येणाऱ्या मुलींचे प्रमाण वाढल्याची नोंद पुण्यातील तज्ज्ञ डॉक्टरांनी केली आहे. त्यामुळे प्राथमिक शाळेच्या शिक्षिकांनीही या विषयाकडे लक्ष पुरविणे योग्य ठरेल.

उशिरा वयात येणाऱ्या मुलग्यांपैकी बहुसंख्य मुले निरोगीच असतात. त्यांच्या वडिलांचा अथवा मामाचा पूर्वेतिहास पाहिल्यास तेही 'उशिरा वाढलेले' निघतात. पण कोणता मुलगा केवळ उशिराचा आणि कोणता खरोखर आजारी, हे नुसत्या पाहण्याने कळत नाही. त्यासाठी मोजमाप आणि नोंद लागते.

शिक्षकाची फूटपट्टी

वाढीचा आजार ओळखण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे भिंतीवर पक्की बसविलेली उंची मोजण्याची पट्टी. मूल अनवाणी उभे करावे. टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकलेले असावेत. नजर समोर असावी. डोक्यावर काटकोनात सपाट फळी टेकवून आकडा वाचावा. मुलींच्या वेण्या व अंबाडे आड येणार नाहीत याची काळजी घ्यावी. वर्षातून दोनदा, शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, अशी नोंद ठेवली तर त्यातून वाढीचा वेग कळतो.

एका वेळी घेतलेल्या उंचीपेक्षा हा वेग अधिक बोलका असतो. चार वर्षांच्या वयापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. वर्षभरात चार सेंटिमीटरही वाढ झाली नाही, तर कारण शोधले पाहिजे. मुलाच्या अपेक्षित उंचीचा अंदाजही सोप्या गणिताने करता येतो. आई-वडिलांच्या उंचीची सरासरी काढून मुलासाठी तीत साडेसहा सेंटिमीटर मिळवावेत आणि मुलीसाठी तितकेच वजा करावेत. उदाहरणार्थ, वडिलांची उंची १६६ आणि आईची १५२ सेंटिमीटर असेल, तर सरासरी १५९ येते. मुलाची अपेक्षित उंची १६५.५ आणि मुलीची १५२.५ सेंटिमीटरच्या आसपास धरावी. यात काही सेंटिमीटरचा फरक स्वाभाविक असतो. परंतु मूल या मर्यादेच्या बरेच खाली चालले असेल, तर 'आजोबांवर गेला' हे उत्तर पुरेसे होत नाही.

आकडे ताडून पाहण्यासाठी भारतीय मुलांचे प्रमाणित वाढ-आलेख उपलब्ध आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वर्षे वयोगटासाठी २०१५ साली सुधारित आलेख प्रसिद्ध केले. या कार्यात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि जहांगीर रुग्णालयातील हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेच्या डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा प्रमुख वाटा आहे. परदेशी मुलांच्या मापाने आपली मुले मोजण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

पुणे जिल्ह्यातील एका अभ्यासाचा धडा

किशोरवयाचे आरोग्य किशोरवयातच सुरू होते असे नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळील सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. या गावांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो आढळले. बालके दिसण्यात कृश असली, तरी स्नायूंच्या मानाने त्यांच्या अंगातील चरबी कमी झालेली नव्हती. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा होती, त्यांची बालके तुलनेने सुदृढ होती. मातेच्या शरीरात ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असण्याचा संबंध मुलांच्या पुढील आयुष्यातील मधुमेहाच्या प्रवृत्तीशी असल्याचेही या अभ्यासातून दिसून आले. ही मुले मोठी होत असताना, त्यांच्या पुढील पिढीचे आरोग्य सुधारावे म्हणून, २०१२ पासून किशोरवयीन मुलामुलींना ब-१२ व अन्य सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्याचा प्रयोगही याच खेड्यांत करण्यात आला.

याचा अर्थ स्पष्ट आहे. आज सातवीत असलेली मुलगी ही उद्याची माता आहे, आणि तिच्या ताटातील पालेभाजी, डाळ व दूध यांचा परिणाम तिच्यापुरता मर्यादित राहत नाही. शाळेतून आठवड्याला एकदा दिली जाणारी लोह व फॉलिक आम्लाची निळी गोळी आणि ठरावीक काळाने दिली जाणारी जंतनाशक गोळी यांकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. रक्तक्षय, दीर्घकाळचे कुपोषण आणि जुनाट आजार ही वाढ खुंटण्याची व उशिरा वयात येण्याची नेहमी आढळणारी कारणे होत. थायरॉइडला लागणारे आयोडीन मिठातून मिळते. देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम १९६२ साली सुरू झाला. आजही घरातील मीठ आयोडीनयुक्त आहे की नाही, हे पाहण्याची सवय हवी.

चिकित्सालयात काय होते

संप्रेरक चिकित्सालयाविषयी ग्रामीण भागात अकारण भीती असते. प्रत्यक्षात पहिल्या भेटीत बरेचसे काम बोलण्याचे, मोजण्याचे आणि आलेखावर ठिपके मांडण्याचे असते. आई-वडिलांची उंची, घरातील इतरांचा वयात येण्याचा काळ, जन्माच्या वेळचे वजन, पूर्वीचे आजार यांची चौकशी होते. त्यानंतर डाव्या हाताच्या पंजाचे व मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र घेऊन हाडांचे वय ठरवितात. चौदा वर्षांच्या मुलाच्या हाडांचे वय अकरा निघाले, तर वाढीला अजून वाव आहे असा त्याचा अर्थ होतो. गरजेनुसार रक्तातील संप्रेरकांची तपासणी, सोनोग्राफी आणि क्वचित गुणसूत्रांची तपासणी केली जाते.

उपचार कारणानुसार ठरतात. थायरॉइड मंदावली असेल, तर सकाळी उपाशीपोटी घ्यावयाची एक स्वस्त गोळी बहुधा पुरते. ती मनाने बंद न करणे एवढेच पथ्य. हाच दोष जन्मजात असेल आणि पहिल्या काही आठवड्यांत ओळखला गेला नाही, तर मुलाच्या बुद्धीची कायमची हानी होते. म्हणून नवजात बालकाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबाची तपासणी महत्त्वाची. वाढीच्या संप्रेरकाची उणीव असेल, तर ते इंजेक्शनाने दररोज आणि अनेक वर्षे द्यावे लागते. हा उपचार खर्चाचा आहे, आणि जितक्या लवकर सुरू होईल तितका त्याचा लाभ अधिक. उशिरा वयात येणाऱ्या मुलाला काही महिने अल्प प्रमाणात संप्रेरक देऊन प्रक्रिया सुरू करून देता येते. जाहिरातीतील उंची वाढविणारी चूर्णे आणि व्यायामशाळेत मिळणारी शक्तिवर्धक इंजेक्शने यांचा या शास्त्राशी संबंध नाही. व्यायामशाळेतील पुरुषी संप्रेरके तर किशोरवयात हाडांची वाढ अकाली थांबवितात आणि वृषणांचे स्वतःचे कार्यही दडपतात.

तपासणीच्या वेळी मुलीसोबत आई अथवा स्त्री-कर्मचारी असावी आणि मुलाला डॉक्टरांशी एकांतात बोलण्याची संधी मिळावी. वर्गात, ग्रामसभेत किंवा चावडीवर त्याची वाच्यता होता कामा नये. विश्वास एकदा मोडला, तर दुसरे मूल तक्रार घेऊन पुढे येत नाही.

अपत्यप्राप्तीचा प्रश्न आधीच विचारात घ्यावा

मूल न होण्याची तक्रार सामान्यतः विवाहानंतर काही वर्षांनी उभी राहते आणि तिचा दोष सुनेच्या माथी मारला जातो. परंतु त्या तक्रारीचे मूळ कित्येकदा पती अथवा पत्नीच्या बालपणात असते आणि ते तेव्हाच ओळखता आले असते.

पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या शंभर मुलग्यांपैकी दोन-चार मुलग्यांचे एक अथवा दोन्ही वृषण जन्मतः अंडकोशात उतरलेले नसतात. पहिल्या सहा महिन्यांत त्यांपैकी बहुतेक आपोआप उतरतात. न उतरल्यास वर्ष-दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करावी, असा वैद्यकीय संकेत आहे. उशीर झाला तर पुढे वीर्यनिर्मितीवर परिणाम होतो आणि कर्करोगाचा धोकाही वाढतो. शाळेच्या तपासणीत असा मुलगा आढळल्यास त्याला विनाविलंब पाठवावे.

सुमारे सहा-सातशे मुलग्यांमागे एकात एक अधिक गुणसूत्र असते. असा मुलगा उंच असतो आणि पुष्कळदा वयातही वेळेवर येतो. मात्र त्याचे वृषण लहान राहतात. या दोषास क्लाइनफेल्टर असे नाव आहे, आणि त्याचा उलगडा बहुतेकांना विवाहानंतरच होतो. दोन-अडीच हजार मुलींमागे एकीत याउलट एक गुणसूत्र कमी असते. ती ठेंगणी राहते आणि तिचे बीजकोश अकाली निकामी होतात. टर्नर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दोषात वाढीचे व स्त्रीत्वाचे संप्रेरक योग्य वेळी दिल्यास मुलीची उंची सुधारते, हाडे बळकट राहतात आणि ती सर्वसामान्य जीवन जगू शकते. नैसर्गिक गर्भधारणा मात्र बहुधा होत नाही.

साडेचार-पाच हजार मुलींमागे एकीत गर्भाशयाची वाढच झालेली नसते. तिची उंची, स्तनांची वाढ सारे यथास्थित असते; केवळ पाळी येत नाही. 'लग्न झाले की सुरू होईल' या समजुतीने अशा मुलीचा विवाह लावून दिला जातो, काही महिन्यांत सत्य बाहेर येते आणि तिला माहेरी आणून सोडले जाते. सोळाव्या वर्षीची एक सोनोग्राफी हा अनर्थ टाळू शकते. याउलट, काही मुलींना दर महिन्याला ओटीपोटात दुखते, पण स्राव दिसत नाही. तेथे केवळ मार्गातील पडद्याचा अडसर असतो आणि छोट्या शस्त्रक्रियेने मुलगी पूर्ण बरी होते. बाहेरून सारखेच दिसणारे हे दोन प्रश्न एकमेकांपासून किती भिन्न आहेत, हे केवळ तपासणीच सांगू शकते.

थॅलॅसीमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते. त्यातील लोह पीयूषिकेत साचून ती मुले उशिरा वयात येतात. म्हणून लोह बाहेर काढणारे औषध नियमित घेणे हा त्यांच्या भावी संसाराचाही प्रश्न ठरतो. कर्करोगावरील काही औषधे आणि किरणोपचार यांनी बीजकोश व वृषण यांची हानी होऊ शकते. वयात आलेल्या मुलाचे वीर्य उपचारापूर्वी गोठवून ठेवता येते. मुलींसाठीही मोठ्या केंद्रांत असे उपाय उपलब्ध आहेत. हा प्रश्न उपचार सुरू होण्यापूर्वी विचारावा लागतो. नंतर विचारून उपयोग नसतो.

पाळीच्या तक्रारी आणि घाईचे निदान

पाळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी ती अनियमित असणे स्वाभाविक आहे. त्यानंतरच्या दोन वर्षांत मात्र ती २१ दिवसांच्या आत किंवा ४५ दिवसांहून अधिक अंतराने येत राहिली, तर सल्ला घ्यावा. अनियमित पाळी, चेहऱ्यावर दाट केस, मुरुमे आणि वाढते वजन ही लक्षणे एकत्र असतील, तर बीजकोशांच्या संप्रेरकांचा असमतोल असू शकतो. स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी १९३५ साली वर्णिलेला हा विकार आज 'पीसीओएस' या नावाने घरोघर ठाऊक झाला आहे. परंतु केवळ सोनोग्राफीत बीजकोश मोठे अथवा 'गाठींचे' दिसले म्हणून किशोरवयीन मुलीवर हा शिक्का मारू नये, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. त्या वयात निरोगी मुलीचे बीजकोशही तसे दिसू शकतात. नियमित व्यायाम, वजनावर नियंत्रण आणि साधा आहार हा या विकारावरील पहिला उपचार होय. या विकारात मूल होतच नाही, ही समजूतही चुकीची आहे. योग्य उपचारांनी बहुतेक स्त्रिया माता होऊ शकतात.

पाळीच्या तक्रारींकडे लहान वयात दुर्लक्ष झाले, तर पुढे कोठवर मजल जाते, हे बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या उदाहरणाने दाखवून दिले. तरुण वयातच गर्भपिशवी काढलेल्या स्त्रियांची संख्या तेथे मोठी असल्याचे उघडकीस आल्यावर राज्य शासनाने २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले, तर तिशीतील स्त्रीच्या शरीरात पन्नाशीची स्थिती निर्माण होते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. साध्या औषधाने आटोक्यात येणारी तक्रार शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ नये, यासाठी योग्य सल्ला किशोरवयातच हाताशी हवा.

वयात येणे म्हणजे विवाहयोग्य होणे नव्हे

'मुलगी शहाणी झाली', 'पदर आला' हे शब्द आपल्याकडे विवाहाची सूचना म्हणून उच्चारले जात. महाराष्ट्राने या समजुतीची किंमत मोजली आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचा विवाह नवव्या वर्षी झाला. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत दगावले. हे दुःख उराशी घेऊन त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि त्यांनी आपला प्रबंधही प्रसूतिशास्त्रावर लिहिला. १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारावर नेले, तेव्हा पुण्या-मुंबईत मोठे वादंग माजले होते. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीचे विवाहाचे किमान वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरविले. १९७८ च्या दुरुस्तीने ते अनुक्रमे अठरा आणि एकवीस झाले. समाजाने या विषयावर मोकळेपणाने बोलावे म्हणून र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले.

कायदा पुढे गेला, तरी व्यवहार मागे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत, महाराष्ट्रातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. पहिली पाळी ही वाढीच्या प्रवासातील एक खूण आहे, शेवट नव्हे. त्यानंतरही मुलीची उंची वाढत असते, कटिबंधाची हाडे रुंदावत असतात आणि हाडांत कॅल्शियम साठत असते. वाढत्या मातेला आणि गर्भाला एकाच ताटातील अन्न वाटून घ्यावे लागले, तर दोघेही उपाशी राहतात. अकाली मातृत्वाला असलेला वैद्यकीय आक्षेप याच कारणाने आहे.

उपलब्ध सेवा आणि गावाचे कर्तव्य

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यातील पालघर येथे झाला. या कार्यक्रमातील वैद्यकीय पथके अंगणवाड्यांतील व शाळांतील मुलांची तपासणी करतात आणि जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात दोष, उणिवा, आजार व विकासातील विलंब शोधून पुढील उपचारांसाठी पाठवितात. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षे वयोगटासाठी आहे. त्याअंतर्गत चालणाऱ्या किशोरस्नेही चिकित्सालयांना महाराष्ट्रात 'मैत्री' हे समर्पक नाव मिळाले आहे. कोऱ्हाळे बुद्रुक परिसरातील कुटुंबांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, बारामतीची शासकीय रुग्णालये, २०१९ साली पहिली तुकडी दाखल झालेले बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि आवश्यकता भासल्यास पुण्याचे ससून सर्वोपचार रुग्णालय, अशी संदर्भसेवेची चढती साखळी आहे.

साखळी असूनही मूल तिच्या शेवटच्या कडीपर्यंत पोहोचत नाही, ही खरी अडचण. पथकाने शाळेत दोष शोधला, चिठ्ठी दिली, आणि ती चिठ्ठी दप्तरातच राहिली, असे घडू शकते. बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो, मुलीला घेऊन पुण्यास कोण जाणार हा प्रश्न पडतो, 'लोक काय म्हणतील' ही भीती असते. येथे गावाने पुढाकार घेण्यास वाव आहे. संदर्भ चिठ्ठी मिळालेल्या मुलांची यादी मुख्याध्यापक आणि आशा कार्यकर्ती यांनी गोपनीय ठेवून महिन्याने पाठपुरावा करावा. पुन्हा तपासणीची तारीख चुकू नये म्हणून ग्रामपंचायतीने प्रवासाची सोय पाहावी. शाळेत उंचीची पट्टी आणि वजनकाटा असावा, मुलींसाठी दाराला कडी असलेले व पाणी असलेले स्वच्छतागृह असावे, ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. ग्रामपातळीवर बालविवाह प्रतिबंधाची जबाबदारी ग्रामसेवकाकडे सोपविण्यात आली आहे. त्याच्या पाठीशी सदस्यांनी उभे राहावे.

आणखी एका घटकाचा विचार विशेषत्वाने करावा लागेल. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात येतात आणि कोप्या करून राहतात. त्यांची मुले गावच्या शाळेत तपासणीच्या दिवशी नसतात आणि येथील शाळेच्या पटावरही नसतात. दोन्हीकडून सुटलेले हे मूल वाढीच्या आलेखावर कोठेच उमटत नाही. अशा प्रत्येक मुलाजवळ जन्मतारीख, उंची, वजन, लसीकरण आणि मिळालेल्या उपचारांची नोंद असलेले साधे कार्ड असावे, ते कुटुंबाबरोबर फिरावे आणि हंगामातील शाळेत त्यावर पुढील नोंद व्हावी. याला फारसा खर्च नाही. दोन गावांच्या शिक्षकांचा परस्पर संपर्क मात्र हवा.

जन्मतःच मुलगा की मुलगी हे स्पष्ट न होणारे बालक, अथवा वाढत्या वयात आपल्या देहाशी आपले मन जुळत नाही असे सांगणारे मूल, यांच्या बाबतीत तर विशेष संयमाची गरज असते. अशा बालकांना तज्ज्ञ डॉक्टरांकडे आणि समुपदेशकाकडे न्यावे. देवऋषी, मारहाण आणि घाईने लावलेले लग्न हे त्यावरचे उपाय नव्हेत. नवजात बालकात अशी स्थिती दिसल्यास तर विलंब मुळीच नको. कारण अधिवृक्क ग्रंथीच्या एका विकारात शरीरातील मीठ वेगाने कमी होऊन पहिल्या काही आठवड्यांतच बालकाचा जीव धोक्यात येतो.

नीरेच्या कालव्याने या पट्ट्यातील माळरानाचे मळे झाले, ते पाण्याची पाळी ठरली आणि ती पाळली गेली म्हणून. किशोरवयाच्या आरोग्याचीही अशीच पाळी ठरविता येईल. जूनमध्ये एक नोंद, डिसेंबरमध्ये एक नोंद, आणि ज्या मुलाचा आकडा थबकला त्याच्या घरी शिक्षकाची एक फेरी. एवढे नियमाने झाले, तर एखाद्या मुलीवरील माहेरी परत येण्याची वेळ टळेल, एखाद्या मुलाची खुंटलेली उंची वेळेत सावरेल आणि एखाद्या सुनेवरील निष्कारण ठपका पुसला जाईल. या कामाची सुरुवात शाळेच्या भिंतीवर लावलेल्या फूटपट्टीपासून होऊ शकते.